बॉलमागचा दगड

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्याच्यावर हे ओढवलं तो रत्नाकर देशकर आजही रायपूरच्या समता कॉलनीत राहतो, आणि थापा मारणं त्याच्या स्वभावात नाही.

तारीख ९ डिसेंबर २०१७. दुसरा शनिवार, म्हणून ऑफिसला सुट्टी. ठिकाण रायपूरजवळ उभ्या राहिलेल्या नव्या राजधानीच्या कडेचं एक गोल्फचं मैदान. नाव सांगत नाही.

रत्नाकर मूळचा वर्ध्याचा, सरकारी खात्यात इंजिनिअर. गोल्फचा नाद साहेबांपायी लागला. हौस दांडगी, पण बॉल सपाट गवतावर असेल तोवरच. उतारावर, वाळूत, खड्ड्यात गेला की गड्याची भंबेरी उडायची. म्हणून त्या दिवशी तो मुद्दाम वाईट जागांवरूनच फटके मारायला आला होता.

घरी बायको उल्का सात महिन्यांची गरोदर. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. या वेळी दोघंही जीव मुठीत धरून दिवस काढत होते.

मैदानावर सोबत मनराखन होता. क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, पिशवी वाहणारा, साठीचा माणूस. मैदान झालं त्याआधी तिथे त्याचं गाव होतं.

पाच वाजून गेले. ऊन उतरलं. बॉल तळ्याकाठच्या एका खळग्यात जाऊन बसला.

बॉलच्या अगदी मागे एक चपटा दगड होता. तळहाताएवढा. अर्धा मातीत रुतलेला.

"साहब, ये वाला छोड़ दो," मनराखन म्हणाला. "बॉल उठा लो."

"काका, यहीं से तो सीखना है," रत्नाकर हसला.

सुटा दगड काढता येतो, रुतलेला काढायचा नाही, असा नियम आहे. पण साहेबलोक काय करतात ते रत्नाकरने पाहिलं होतं. बुटाच्या टोकाने दगड हळूच हलवायचा, आणि म्हणायचं, सुटाच होता.

त्यानेही तेच केलं. दगड उपटला आणि तळ्यात भिरकावला.

डुबुक झालंच नाही...

तळं चार पावलांवर होतं. आवाज यायला हवा होता.

त्याने फटका मारला. आयुष्यात जमला नव्हता इतका सुरेख. बॉल उंच गेला, झाडांपलीकडे उतरला.

पडल्याचा आवाज नाही.

पाखरंही गप्प झाली होती. रत्नाकरने खाली पाहिलं...

बॉल खळग्यातच होता.

तोच. त्याने निळ्या पेनाने केलेली खूण तशीच होती. त्याने घाईघाईने पुन्हा मारला. बॉल गेला. डोळ्यांदेखत गेला.

आणि पुन्हा खळग्यात...

त्याने वाकून उचलला. बॉल उबदार होता, ताप आलेल्या अंगासारखा. त्याने तो तिथेच टाकला.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो..." उल्काचा आवाज कापत होता. "बाळ हलून नाही राहिलं."

"म्हणजे?"

"आत्तापर्यंत लाथा मारत होतं. एकदम थांबलं. कुशीवर झोपून पाह्यलं, साखरेचं पाणी पेली, काहीच नाही. मले लय भेव लागून राहिलं हो."

"शेजारच्या पद्मजाताईला घे, दवाखान्याकडे नीघ. मी पोचतोच."

तो धावत सुटणार, तोच मनराखनने दंड धरला.

"पत्थर रख के जाओ, साहब."

"किसका पत्थर?"

"हमारे पारा के, मोहल्ले के, बच्चे यहीं सोते हैं. छोटे बच्चों को जलाते नहीं न."

रत्नाकरला कळलं. वर्ध्यालाही हीच रीत. तान्ह्या बाळाला पुरतात, वर दगड ठेवतात.

तो बुटांसकट तळ्यात उतरला. पाणी गुडघ्याएवढं आणि बर्फासारखं गार. तळाला हात घातला... दगडच दगड. सगळे चपटे, सगळे तळहाताएवढे. मैदान सपाट करताना यंत्राने इथेच लोटलेले.

यातला कोणता?

तो रडायला लागला. मोठ्याने म्हणाला, "चुकलं माझं. माझ्या लेकराला सोड."

पाण्याखालून कोणीतरी त्याच्या हातात एक दगड दिला...

बोटं लागली. अगदी इवली.

त्याने ओरडतच हात बाहेर ओढला, दगड मात्र सोडला नाही. खळग्यात नेऊन दोन्ही हातांनी दाबून बसवला. बॉल कुठेच नव्हता.

फोन पुन्हा वाजला.

"हललं!" उल्का रडत होती. "आत्ताच हललं..."

मग ती हळू आवाजात म्हणाली,

"पण आधी असं नव्हतं हलत."

मुलगी फेब्रुवारीत झाली. गुटगुटीत, हसरी. तिच्यात वावगं काही नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. रत्नाकरने मात्र पुन्हा क्लब हातात धरला नाही.

उल्काने तो विषय एकदाच काढला. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, बापाच्या मांडीवर डोळे मिटून पडलेली.

"अहो, खरं सांगा. त्या दिवशी जे थांबलं... तेच परत हललं का?"

रत्नाकरचा पोरीवर फार जीव आहे. त्याने तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहिलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "ती ऐकून राहिली."