दीड मिनिट पुढचं

टाळ्या आधी पडल्या, मग विरूपाक्ष हावळ यांनी बटण दाबलं.

इचलकरंजीतल्या बंद सूतगिरणीच्या मंचावर आता हे नेहमीचंच झालं होतं. विरूअण्णा जुन्या मागांचे धोटे, गंजके ट्रान्सफॉर्मर आणि घरी जोडलेली विजेची वाद्यं यांतून असे आवाज काढायचे, की नव्या माणसानं दाराकडं बघावं. एकदा बर्फाच्या लादीत माइक गोठवून, ती वितळेपर्यंत ते तिच्याशी भांडले होते. पुढच्या क्षणी काय होईल ते कुणालाच ठाऊक नसावं, एवढा एकच त्यांचा धर्म. आणि आता ते सगळ्या गावाला ठाऊक असायचं. अण्णा किंकाळी फोडणार असले की आया आधीच बाळांचे कान झाकायच्या. रटाळ भाग यायच्या आत लोक उठायचे आणि तो संपता संपता भज्यांसकट परत यायचे.

ही करणी पुढकानाची. हरभऱ्याएवढा दाणा, कानात घातला की मंचावर दीड मिनिटानं जे वाजणार ते आत्ता ऐकू येतं. यात जादू काही नाही. चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायको नवऱ्याचं वाक्य त्याच्याआधी पुरं करते, तसंच हे. दाण्यामागच्या यंत्रानं अण्णांच्या झाडून सगळ्या मैफली ऐकल्या होत्या. मंचावर ते त्यांचा श्वास, नजर, स्नायूंची ओढ मोजायचं आणि पुढचा हिशेब मांडायचं. हिशेब जमला नाही तर यंत्र प्रामाणिक होतं, दाण्यात नुसती खरखर यायची. अण्णांच्या वाट्याला ती खरखर एकदाही आली नव्हती. दाण्यांना बंदी घालून पाहिली, तर ऐकायला गिरणीचा रखवालदार तेवढा आला, आणि तोही झोपला.

हे यंत्र केलं होतं डॉ. निलोफर मोमीन यांनी. अण्णांच्याच गल्लीतली पोर. मध्यंतरात ती पडद्यामागं आली, तेव्हा अण्णा सदरा काढून छातीला तारा चिकटवत होते.

"हे काय, अण्णा?"

"तुझ्या मशीनला माझं डोकं कळतं. हात कळतात. म्हणून आज हे दोघं सुट्टीवर. आज काळीज वाजवणार. ठोक्यातून सूर निघणार, आणि सुरातून विजेचा झटका परत काळजाला. मग ठोका बिघडणार, सूर बिघडणार. मलाच ठाऊक नाही, तर त्याला काय ठाऊक?"

"डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला?"

"जिना चढू नका म्हणालेत. मंचाला चारच पायऱ्या आहेत."

आवाजाच्या टेबलावरून त्यांची लेक बनशंकरी म्हणाली, "सांगून बघ तू, निलू. मी आठवडाभर जेवले नाही, तरी हलले नाहीत."

अण्णांनी शेवटची तार दाबली. "लोक हसतात गं, निलू. मी वाजवायच्या आधी हसतात. एकदा फक्त खरखर येऊ दे. नाहीतर ह्या मंचावर जिवंत माणूस चढतो, ह्याला पुरावा काय?"

निलोफरनं दाणा कानात घातला आणि ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

काळीज वाजू लागलं. आधी सरळ, मग अडखळत, मग चढावर दम लागलेल्या बैलासारखं. लोक आज हसले नाहीत. आणि अचानक सगळ्यांचे हात एकदम कानांकडं गेले. कुणी दाणा काढून फुंकला, कुणी शेजाऱ्याचा घालून पाहिला. दाण्यात काहीच नव्हतं.

"हरलं! मशीन हरलं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खी गिरणी उभी राहिली. अण्णांचे डोळे भरून आले.

निलोफर मात्र पांढरी पडली. ती मंचाच्या कडेशी धावली.

"अण्णा, ही खरखर नाही. खरखर असती तर यंत्र हरलं असतं. ही स्वच्छ शांतता आहे. यंत्राला पुढचं दिसतंय. दीड मिनिटानं तुम्ही वाजत नाही आहात."

"म्हणजे त्यानंतरही वाजत राहिलो, तर ते हरलं."

"किंवा तुम्ही गेलात."

"आणि आत्ता थांबलो तर?"

"तर ते जिंकलं. पण सकाळी तुम्ही चहा प्याल."

लोक टाळ्या पिटत होते. अण्णांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि झटक्याची कळ वर सरकवली. ठोका अडकला, धावला, पुन्हा अडकला. ओठ निळे पडत होते.

"बनू," ते म्हणाले, "हात खाली घे."

बनूचा हात मुख्य खटक्यावर होता. आयुष्यात तिनं बापाचा शब्द कधी मोडला नव्हता; आज मोडला. तिनं खटका ओढला.

शांतता. अगदी दाण्यात होती तशीच.

अण्णा वाचले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर लेकीशी नाही, निलोफरशी बोलले.

"मशीन मला ओळखतं. हिला कसं ओळखलं?"

"तुमच्या प्रत्येक मैफलीत टेबलावर तीच होती, अण्णा. तुम्ही फार पुढं गेलात की ती हळूच आवाज कमी करते. यंत्राला तो हात तुमचाच वाटत असणार."

"की माझं काळीज थांबणार होतं, ते त्याला दिसलं?"

"ते नाही सांगता येत. यंत्र कारण सांगत नाही. पुढचं तेवढं सांगतं."

"म्हणजे हिनं मला वाचवलं, की त्याला जिंकवलं?"

बनू खिडकीपाशी उभी होती. ती वळली नाही.

आता अण्णा रोज सकाळी घरच्या वाद्यापुढं बसतात. कानात दाणा, एक बोट बटणावर. दाण्यात स्वच्छ शांतता असते. बटण दाबलं की यंत्र खोटं ठरेल, एवढंच काम. पण आता त्यांना खात्री हवी असते. आधी थोडी खरखर येऊ दे, म्हणजे यंत्रालाही शंका आहे असं कळेल, मग दाबू. आणि ते असे वाट बघत बसणार, हे यंत्राला पक्कं ठाऊक असल्यामुळं खरखर येत नाही.

बनूला हे केव्हाच कळलंय. तिच्याही कानात एक दाणा असतो. ती चहा आणून ठेवते, शेजारी बसते, आणि पुढचं दीड मिनिट तरी बाप वाजवणार नाही, याची खात्री करत ती शांतता नीट ऐकून घेते. बापाला ती काही सांगत नाही.