पाऊलभान

विद्यापीठाच्या आवारात संध्याकाळी एकटं फिरायला आता कुणी कचरत नसे. तिथल्या वाटांवरच्या फरश्यांना पाऊलभान होतं, म्हणजे चालणाऱ्याच्या पावलांतली भीती त्यांना कळायची. माणूस घाबरला, की मनाला उमगण्याआधीच त्याचं पाऊल आखूड पडतं, टाच हलकी होते. एखाद्याजवळून जाताना असं वारंवार झालं, तर फरश्या त्या दोघांची गाठच पडू देत नसत. फाटा आला, की ज्या वाटेने जायचं तिची कड हिरवी उजळे आणि माणसं सवयीने तिकडे वळत.

वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या हेमांगी साबळेला मात्र एक कोडं पडलं होतं. वाचनालयातून वसतिगृहाकडे जाताना चिंचेखालची जवळची वाट तिच्यासाठी कधीच उजळत नसे. रोज तळ्याला वळसा. आपण नकळत कुणाला एवढं घाबरतो, याचं तिला कुतूहल वाटू लागलं. शेवटी तिने ही यंत्रणा उभारणाऱ्या डॉ. वैजयंती ढवळेंना गाठलं.

ढवळे मॅडमनी तिला फरशीवर चार पावलं चालायला लावलं आणि त्या चालीवरून तिच्या पावलांचा आलेख पडद्यावर आणला. तिचं पाऊल वर्षभरात एकदाही आखडलं नव्हतं.

"मग मला वळसा कशासाठी, मॅडम?"

"तू घाबरत नाहीस, हेमांगी. त्या वाटेने येणारं कुणीतरी तुला घाबरतं."

हेमांगीला आधी हसूच आलं. मग तिने नाव विचारलं. मॅडम म्हणाल्या, यंत्रणा कुणाचं नाव नोंदवत नाही, आणि नोंदवत असती तरी सांगितलं नसतं. कारणही पावलांतून कळत नाही. कदाचित तिचा आवाज कुणासारखा असेल, कदाचित ती कधीतरी काही बोलून विसरली असेल.

"माझं काय चुकलं, एवढंच विचारायचंय मला."

"त्यासाठी तुला त्या व्यक्तीसमोर जावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

त्या संध्याकाळी हेमांगी न उजळलेल्या वाटेने गेली. चिंचेखालून एक मुलगी रमतगमत येत होती. चेहरा अगदी अनोळखी. हेमांगी हसून पुढे झाली, आणि त्या मुलीचं पाऊल आखडलं. ते दिसायला फरशीची गरज नव्हती. मुलीने पिशवी छातीशी धरली आणि ती जागीच थांबली.

हेमांगी काही न विचारता मागे वळली, तळ्याच्या वाटेला लागली. थोड्या वेळाने मागची पावलं पुन्हा सैल पडू लागलेली तिला ऐकू आली.

तेव्हापासून कुणी समोरून हसत आलं, तरी हेमांगी आधी त्याच्या पावलांकडे बघते.