ताटकळ-प्रवाह

शलाका मुद्दाम हळू बोलते, असा उपेंद्रराव हसबनीसांना दोन महिन्यांपासून संशय होता. कानामागच्या हाडात बसवलेला ‘श्रवणकण’ बाकी सगळं चोख ऐकवायचा. कुकरची शिट्टी, खालच्या मजल्यावरचं भांडण, क्रिकेटचं समालोचन. एकट्या बायकोचा आवाज तेवढा पुटपुटल्यासारखा. आपल्याविरुद्ध घरात काहीतरी शिजतंय, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. अखेर तिला घेऊन ते सांगलीच्या श्रवण केंद्रात आले आणि तिथे चक्क तिचाच आवाज मोजायला लावला.

“साठ डेसिबल,” डॉ. ईरा घोलप म्हणाल्या. “अगदी व्यवस्थित बोलतात या.”

“मग तुमचं यंत्र बिघडलंय. नाहीतर तुम्ही दोघी सामील आहात!”

“बघा,” शलाका म्हणाली. “घरीही हेच.”

श्रवणकणाला बॅटरी नसते. अंगाच्या उबेतून मिळणाऱ्या चिमूटभर विजेवर तो जन्मभर चालतो. अडचण अशी, की आवाजाची सलग चढती-उतरती लहर वाढवणारं ॲनालॉग सर्किट काम नसतानाही वीज खातच राहतं, कारण आवाज कधीही येईल म्हणून त्याला जागं राहावं लागतं. वाट बघण्यात जाणाऱ्या या विजेला तंत्रज्ञ ‘ताटकळ-प्रवाह’ म्हणत. तो वाचवल्याशिवाय नुसत्या उबेवर भागणं शक्य नव्हतं, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं.

“मग वाचवलात कसा?” उपेंद्ररावांनी विचारलं.

डॉक्टर जरा घुटमळल्या. “सर्किटला डुलकी घ्यायला शिकवलं. कुठल्या आवाजाने तुमची श्रवण-नस सरसावते, ते श्रवणकण बघत असतो. त्या आवाजाला पूर्ण प्रवाह. ज्या आवाजाला नस दाद देत नाही, त्याला जेमतेम.”

“माझ्या आवाजाला कधीपासून दाद नाही?” शलाकाने विचारलं.

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “नोंद यंत्र बसवल्या दिवसापासूनची आहे. तेव्हापासून सपाटच.”

“म्हणजे यंत्राने काही बिघडवलं नाही,” शलाका म्हणाली. “त्याला फक्त कळलं.”

उपेंद्रराव लाजले, आणि लाजले म्हणून चिडले. “पुसून टाका ते सगळं! हिच्या आवाजाला कायम जागं ठेवा.”

“तेवढी ऊब अंगात नसते हो. पुसून कोरं करून देते, पण तो पुन्हा तुमच्याकडूनच शिकणार.”

“मी लक्ष देईन.”

“ठरवून दिलेलं लक्ष श्रवण-नसेपर्यंत पोचतंच असं नाही.”

नोंद पुसल्यावर पहिले चार दिवस शलाकाचा आवाज लख्ख ऐकू आला. उपेंद्रराव परीक्षेला बसल्यासारखे तिच्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. पाचव्या दिवशी आवाज पुन्हा विरायला लागला. आता त्यांना स्वतःचाच संशय येऊ लागला होता. त्यांना फार वाईट वाटत होतं, पण तिला सांगायचा धीर होईना. ते तिच्या ओठांकडे बघून अंदाजाने उत्तरं देऊ लागले.

नवव्या दिवशी चहा करताना ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “सोमवारी छातीतली गाठ तपासायला बोलावलंय. तू येशील ना बरोबर?”

उपेंद्ररावांनी हसून मान डोलावली. “हो, चालेल. साखर जरा कमीच टाक.”

शलाकाने पुन्हा विचारलं नाही. सोमवारी ती एकटीच गेली.