दोराचे दोन झटके

दिवा बारीक करा. आणि मध्ये कोणी पचकायचं नाही. ज्याची टरकते त्याने आत्ताच आत जाऊन झोपावं.

हे माझ्या सख्ख्या साडूचं. कमांडो हवालदार, देवमाणूस. जन्मात एकदाच खोटं बोलला.

नऊ डिसेंबर, मंगळवार. मेलेल्या सोबत्याची ट्रंक त्याच्या आईला द्यायला साडू गेला. तो सोबती दोरावर कायम शेवटचा, म्हणून पलटणीत सगळे त्याला शेपूट म्हणत. पण पठ्ठ्याने शेपूट कधी घातलं नाही! बर्फाळ कड्यावरची चौकी मारून आठ जण उतरत असताना हा एकटा वर गोळ्या झेलत राहिला. शेवटी गोळी लागून घसरला आणि साडूच्या कमरेला बांधलेल्या दोरावर दरीत लोंबकळला.

आई शिवणकाम करायची. मशीनवरून उठलीसुद्धा नाही.

"पत्रात लिहिलंय दोर तुटला. तुटला की कापला?"

"तुटला, मावशी."

"मावशी म्हणू नका मला. शेवटची गाडी गेली, म्हणून बाहेरच्या खोलीत पडा. उजाडलं की चालते व्हा."

साडू पडला. झोप कसली येतेय! दोन वाजून चाळीस मिनिटांनी कमरेला हिसका बसला.

एक.

...दोन.

कड्यावर बोलायची चोरी. दोन झटके म्हणजे, मी आहे.

दार बंद. खिडकी बंद. अंथरूण ओलं, गार. पुन्हा झटके. एक... दोन... साडू खाटेवरून दाराकडे ओढला जायला लागला. ओरडायला गेला. आवाज...

आतलं दार उघडलं. आईने दिवा लावला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. साडू जमिनीवर, कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक तिच्या पायाशी. तिने ते उचललं, बोटांत फिरवलं. चाळीस वर्षं कापड ओळखणारी बोटं ती.

"तुटलेल्याला धागे सुटतात, हवालदार. हे सुरीचं काम आहे."

साडू ढसाढसा रडला. "मीही घसरत होतो, आई. माझ्याखाली सात पोरं होती..."

"माझा जिवंत होता?"

"...झटके देत होता."

तिने दार सताड उघडलं आणि साडूला त्या अंधारात बाहेर काढलं.

दोराचा तो तुकडा शेपटाबरोबर दरीत गेला होता. पलटणीने तीन दिवस शोधला, मिळाला नव्हता. आता तो तिच्या मशीनवर आहे. मी स्वतः हात लावून पाहिलाय... गाठीत अजून बर्फ आहे.