पाय वर घ्या, मास्तर!

समुद्राला फुटपाथ समजून कुणी गाडी लावतं का हो? पण त्यानं लावली होती. लाटांच्या रेघेपासून बरोबर एक फूट अंतर, चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला. वर टपावर पिवळी पाटी — 'गाडी चालवायला शिका. आत्मविश्वासाने.'

आता फुटपाथ बिचारा एका जागी पडून असतो. समुद्राचं तसं नाही. त्याला भरती नावाची खोड आहे. तिनं पाहिलं तेव्हा पाण्याच्या बाजूची दोन्ही चाकं अर्धी वाळूत गेली होती, आणि आत्मविश्वास तेवढा टपावर शिल्लक होता.

ती म्हणजे मावशी. भोंग्याची आणि बटणाची. भोंगा सहा वर्षांचा. हळू बोलणं त्याला अजून शिकवलेलं नाही. बटण चार वर्षांची. दिसेल ते दाबून बघते. ही दोन रत्नं, ताई आणि भावोजी यांच्याबरोबर मावशी शनिवार-रविवार समुद्रावर आली होती. एरवी आठवडाभर ती शहरात बस चालवते. बारा मीटर लांबीची. डेपोत दीडशे बाप्ये आणि ही एकटी. पण बाजारपेठेतल्या त्या अरुंद वळणावरून आरसा न घासता बस काढायची पैज लागली, की चहा दीडशे जण पाजतात आणि पिते ही एकटीच. अकरा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. ताठ मानेनं चालायची, आणि का चालू नये?

सकाळी येतानाच ताईनं नेहमीची टेप लावली होती.

"तीन झाले. तिघांनाही नापास केलंस. तुला हवाय तरी कसा?"

"अगं, तिघंही माझ्या शेजारी बसून मला गाडी शिकवायला लागले! 'सावकाश... सावकाश...' आणि शेवटी तिघांचं एकच — 'लग्नानंतर बस सोडणार ना?' कुणासाठी सोडू? त्या उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांसाठी?"

"मग?"

"जो माझ्या शेजारी गप्प बसेल, त्याच्याशी करीन."

"तसा पुरुष अजून जन्माला यायचाय," मागच्या सीटवरून भावोजी म्हणाले. ते दहा वर्षांच्या संसारात गाडीत गप्प बसायला शिकले होते. पण ते आधीच ताईच्या वाट्याला गेलेले.

तर अशी ही मावशी. आणि समोर तो, ॲक्सिलरेटर दाबत होता... घर्र्र... घर्र्र... चाकं जागच्या जागी फिरत होती आणि वाळू मागे उडत होती.

"अहो, थांबा! गाडी काढताय की विहीर खणताय?"

खिडकीतून डोकं बाहेर आलं. कुरळे केस, केसांत वाळू, चष्म्यावर खारे शिंतोडे.

"मॅडम, मी पंधरा वर्षं या धंद्यात आहे."

"अजून पाच मिनिटं दाबलंत तर पाणबुडीच्या धंद्यात जाल."

त्यानं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं... आणि त्या शांततेत एक बारीक आवाज आला.

"माझे बाबा कधीच चुकत नाहीत."

सात वर्षांची एक पोर. दोन वेण्या, एका हातात बादली, दुसऱ्या हातात वही. बाबांच्या शिकाऊ लोकांबरोबर ही मागच्या सीटवर बसते आणि वहीत प्रत्येकाला मार्क देते, म्हणून घरात तिचं नाव इन्स्पेक्टर. आत्ता इन्स्पेक्टरचा खालचा ओठ थरथरत होता.

"हो ना, बाबा? मुद्दामच लावली ना तुम्ही इथं?"

त्यानं लेकीकडं पाहिलं, मग लाटेकडं. गाडी एवढी एकच, घर तिच्यावर चालणारं, सोमवारी दहाला शिकाऊ मंडळी दारात उभी. पण त्याच्या डोळ्यांत गाडीची काळजी कमीच होती. त्या 'कधीच'ची जास्त होती. मावशीला ते दिसलं. बस चालवणाऱ्याला आरशातलं फार दिसतं हो.

"उतरा, मास्तर," ती मऊ आवाजात म्हणाली. "चारी चाकांतली हवा काढू. निम्मी. बसकं चाक वाळूत कमी रुततं."

"हवा?"

"चाकांची. तुमची समुद्रानं काढलीच आहे."

मग काय, फौज कामाला लागली. भोंग्यानं किनारा हादरेल अशा आवाजात 'खणाऽऽ' सुरू केलं. बादल्यांनी, खेळण्यातल्या फावड्यांनी, नखांनी चाकांपुढची वाळू उपसली गेली. हवा सोडायचं काम बटणकडं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणीतरी आपण होऊन काहीतरी दाबायला दिलं होतं. गाडीतल्या पायपुसण्या चाकांखाली गेल्या. ताईचा नवा टॉवेलही गेला. ("अगं तो नको! तो नव्वा आहे!" "होता.") मग ताईनं तिन्ही पोरांना दूर कोरड्यात नेलं, भावोजी मागून धक्का द्यायला उभे राहिले आणि मावशीनं स्टिअरिंग धरलं.

"मास्तर, तुम्ही शेजारी बसा."

"मी धक्का मारतो ना!"

"इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर आहे. तिथं वजन हवं. तुमचं वजन पाडायला दुसरी जागा नाही, बसा."

तो बसला. शिकवणाऱ्याची गाडी, त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक. पंधरा वर्षं तो याच जागेवर बसलेला. शिकाऊ चुकला रे चुकला की याचा पाय खाली.

मावशीनं दुसरा गिअर टाकला. क्लच लोण्यातून सुरी फिरावी तसा सोडला. गाडी हलली... एक हात... दोन हात... भावोजी ओरडले, "आली, आली!" आणि—

खच्च!

गाडी थांबली. होती त्याहून चार बोटं खाली बसली.

मावशीनं हळूच मान वळवली. त्याचा पाय ब्रेकवर होता. तो स्वतःही त्या पायाकडं बघत होता, दुसऱ्याचा असल्यासारखा.

"मी नाही... तो आपोआप..."

लाट आली. दाराला थाप मारून गेली.

"मास्तर," ती म्हणाली, "पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"मांडी घाला. सीटवर. जेवायला बसल्यासारखी."

"अहो पण पोरगी बघतेय..."

"पोरगी गाडी बुडताना बघेल ती चालेल? घाला मांडी!"

आणि सहा फुटांचा तो गृहस्थ चपला काढून, गुडघे डॅशबोर्डला टेकवत, पुढच्या सीटवर मांडी घालून बसला. लांबून भोंगा ओरडला, "मावशी, काकांना ताट पण वाढ!" किनाऱ्यावर हशा पिकला. त्याचे कान लाल झाले. पण मांडी मोडली नाही हं त्यानं.

पुन्हा खणणं, पुन्हा पायपुसण्या. पुन्हा तो क्लच. गाडी कण्हली, हलली, टॉवेल फर्रकन मागे उडाला... आणि थेट वर, कोरड्या कडक वाळूवर! भावोजी मागे पाण्यात तोंडावर पडले. त्यांच्याकडं कुणी बघितलंही नाही.

इन्स्पेक्टर धावत आली. वही छातीशी.

"बाबा, गाडी कुणी काढली?"

आता इथं मावशीनं जीभ तयार ठेवली होती. 'तुझ्या बाबांनीच काढली गं, मी नुसती बसले होते.' लेकरासाठी एक थाप, काय बिघडतं? पण तो आधीच खाली उतरून गुडघ्यावर बसला होता.

"मी अडकवली, बाळा. भरती येते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आणि ह्यांनी काढली. असं क्लचवरचं काम मी पंधरा वर्षांत पाहिलेलं नाही. लिही वहीत."

इन्स्पेक्टरनं त्याच्याकडं बघितलं, मग मावशीकडं. बराच वेळ. मग पेन्सिल ओली करून लिहिलं, आणि वही मावशीला दाखवली. दहापैकी अकरा.

मावशीला समोरचा समुद्र जरा धूसर दिसला. वारा होता ना... खारा.

दोन्ही कुटुंबं एकाच शहरातली, आणि एकाच विश्रामगृहात उतरलेली निघाली. संध्याकाळी व्हरांड्यात जो भेटेल त्याला मास्तर गोष्ट सांगत होता. मॅनेजरला सांगितली, स्वयंपाक्याला सांगितली, दोन अनोळखी आजोबांना तर थांबवून सांगितली. दर वेळी गाडी आणखी एक वीत खोल जायची आणि मावशी आणखी एक वीत उंच व्हायची. स्वतःच्या फजितीवर एवढी कॉलर ताठ करणारा माणूस तिनं पाहिला नव्हता.

"पुरे हो," ती चहाचा कप घेऊन आली. "आणखी चार जणांना सांगितलंत तर मी जहाज ओढून काढलं असं होईल."

"काढाल की. मी मांडी घालून बसेन."

तिला हसू आलं. लपवायला तिनं कप तोंडाला लावला; कप रिकामा होता. त्याला ते दिसलं. तिला त्याला दिसलेलं दिसलं...

"पाय आपोआप जातो," तो म्हणाला. "धंद्यामुळं तर आहेच. पण हिची आई गेली, त्याला पाच वर्षं झाली... तेव्हापासून जास्तच. पोरगी झोक्यावर बसली तरी माझा पाय जमिनीत रुततो."

तिनं रिकामा कप कठड्यावर ठेवला. नुसती तिथंच बसून राहिली. कधीकधी तेवढंच हवं असतं.

तेवढ्यात ताई आली. ताईच्या पोटात तीळ भिजत नाही. "आमच्या हिला की नाही, मास्तर, शेजारी गप्प बसणारा हवाय. ब्रेक न मारणारा."

"ताई!"

"मग मी यादीतच नाही," तो हसला. पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "माझं पोट ब्रेकवर चालतं."

"नाहीच आहात तुम्ही," मावशी फणकारली आणि आत गेली. खोलीत जाऊन मग उगाच रागावून बसली. कुणावर, ते काही तिला सापडलं नाही.

रविवारी सकाळी निघायची गडबड. चाकांत निम्मीच हवा. पंप चार किलोमीटरवर, वळणावळणाच्या रस्त्यानं. मावशी म्हणाली, "मीच नेते पंपापर्यंत. बसक्या चाकांवर गाडी कशी न्यायची ते मला ठाऊक आहे." खरं तर एवढं ठाऊक त्यालाही होतं. पण तो निमूटपणे शेजारच्या सीटवर जाऊन बसला. आज प्रवासाचे बूट घातलेले, नाडीचे. ती वाकून एकेक चाक तपासत होती आणि तो उघड्या दारातून तिच्याकडं बघत होता. इतका बघत होता, की भोंगा आणि इन्स्पेक्टर "शिंपला पडला, शिंपला पडला" करत त्याच्या पायाशी घुसून बराच वेळ काहीतरी शोधत राहिले, तरी त्याला पत्ता नाही. मग तिन्ही पोरं मागे बसली. फारच शहाण्यासारखी. तिथंच खरं तर संशय यायला हवा होता.

गाडी निघाली.

मावशी वाट बघत होती. कशाची? 'सावकाश'ची. पहिलं वळण आलं... गेलं. तो गप्प. दुसऱ्या वळणावर कुत्रं आडवं आलं. तिनं झोकात वळसा घातला. तो गप्प. तिसऱ्या वळणावर समोरून दुधाचा ट्रक, पार रस्त्याच्या मध्यातून! मागे बटण किंचाळली. मावशीनं गिअर उतरवला, गाडी कडेच्या खडीवर अलगद घातली, ट्रक गेला, गाडी परत रस्त्यावर. आता तरी बोलेल...

"काय सुंदर वळवलीत," तो म्हणाला. बस, एवढंच. तेही श्वास सोडल्यासारखं.

तिनं आरशात बघितलं. आरशात स्वतःचेच गाल दिसले, म्हणून पुन्हा रस्त्याकडं बघितलं.

पंप आला. ती उतरून वळसा घालून त्याच्या दाराशी गेली. त्यानं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला... आणि दुसराही त्याच्याबरोबरच आला! धाडकन दोन्ही गुडघ्यांवर, बरोबर तिच्या पुढ्यात. मागच्या सीटवर हास्याचा स्फोट.

दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधलेल्या. एक नाही, सहा गाठी.

"काका ब्रेक मारतील म्हणून!" भोंगा पंपावरच्या साऱ्या जनतेला ऐकू जाईल असा म्हणाला. "माझी आयडिया!"

"गाठी माझ्या," इन्स्पेक्टर म्हणाली. श्रेयाच्या बाबतीत ती पक्की.

मावशी हसता हसता थांबली. त्या सहा गाठींकडं बघत राहिली. डावा बूट उजव्याला घट्ट चिकटलेला. एक पाय वीतभरही वेगळा हलला असता तर ताण बसला असता.

"मास्तर... हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"आत्ताच. पडलो तेव्हा."

"कुत्रं आलं तेव्हा नाही? ट्रकच्या वेळी?"

त्यानं पायांकडं बघितलं. मग तिच्याकडं. चष्मा वाकडा, गुडघ्याला माती. आणि चेहऱ्यावर हळूहळू पसरत गेलेलं ते आश्चर्य... आणि मग अभिमान. पहिल्यांदा सायकल तोलणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर असतो तसा.

"गेलाच नाही की पाय," तो पुटपुटला. "पाच वर्षांत पहिल्यांदा..."

पंपावरचा माणूस हवेची नळी धरून तसाच उभा.

"आता गुडघ्यावर पडलोच आहे," त्यानं घसा खाकरला, "तर विचारून टाकतो. उठून पुन्हा धीर व्हायचा नाही. मला... म्हणजे आम्हा दोघांना... तुमच्या शेजारी बसायला आवडेल. नेहमी. बस सोडायची नाही हं! बस चालूच राहू दे. मी सगळ्यांना सांगत फिरेन — ती बघा, ती चालवतेय ती... ती आमची."

मावशीनं ओठ दाबले. दीडशे ड्रायव्हरांसमोर कधी न अडखळलेली ती बाई खाली बसली आणि गाठी सोडायला लागली. एक... दोन... तीन. चौथीला त्याची बोटं तिच्या बोटांत आली. सोडवायला आली होती म्हणे.

"उद्या सकाळी सहाला पहिली बस आहे माझी," ती गाठीकडंच बघत म्हणाली. "पुढच्या दारानं चढा. माझ्या पाठीमागं पाटी आहे — 'चालकाशी बोलू नये.'"

"बरं," तो पडेल आवाजात म्हणाला. "नाही बोलणार."

"मास्तर," तिनं शेवटची गाठ सोडली आणि मान वर केली, "ती पाटी बाकीच्यांसाठी आहे."

मागच्या सीटवर बटणला शेवटी हवं ते सापडलं. तिनं पुढच्या सीटवर चढून, दोन्ही हातांनी, जीव खाऊन हॉर्न दाबला.

इन्स्पेक्टरनं वही उघडली, पेन्सिल ओली केली आणि बाबांच्या नावापुढं लिहिलं : पास.