तिसऱ्या दाराचा शेरा

धरण गळतंय असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर भीतीच्या आधी कंटाळा आला.

मी होते गॅलरीत, म्हणजे धरणाच्या पोटातल्या बोगद्यात. भिंतीतून जे थोडंफार पाणी झिरपतं ते तिथल्या गटारातून एका खाचेशी येतं आणि आम्ही ते मोजतो. पाझर प्रत्येक धरणाला असतो. तो एकाएकी वाढला तर मात्र धडगत नाही. त्या दिवशी तो दुप्पट होता. एकाच आठवड्यातलं चौथं धरण, बुटात पाणी, पाठीचा भुगा... आणि वर हे. मी बॅटरी घेऊन, पाणी जिकडून येत होतं तिकडे गटाराच्या कडेनं चालत निघाले. वळणापाशी साबणाचा वास आला.

धरणाला साबणाचा वास येत नाही.

वळणापलीकडे एक माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, रबरी नळीखाली निवांत हातपाय धूत होता. कोपरापर्यंत काळंभोर ग्रीस.

"पाणी बंद करा," मी म्हटलं.

"एकच हात राहिलाय."

"तुमच्या हातापायांपायी मी आत्ता वरिष्ठांना फोन करणार होते. धरण गळतंय म्हणून."

त्यानं नळी बंद केली, गटाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तुम्ही... मला मोजलंत?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं, त्यामुळे ते खोकल्यासारखंच निघालं.

सांडव्याच्या लोखंडी दारांची जबाबदारी त्याच्याकडे होती. सगळे त्याला दारवाले साहेब म्हणत. तो मला पाठीमागे गळतीबाई म्हणायचा, आणि दुसऱ्या भेटीपासून तोंडावर.

माझं काम धरणांच्या सुरक्षिततेचं. धरणं फिरायची, दोष शोधायचे, आणि प्रत्येक दोषापुढे एक शेरा मारायचा : तात्काळ, यंदा, किंवा सवडीने. शहरात बसलेल्या साहेबांसाठी ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी. धरणावरचे लोक तर मला पाण्यातच बघायचे. कुणाच्या घरी कायम वाईट बातमी घेऊन जाणारी पाहुणी, दुसरं काय! या नोकरीत मी चिडेनाशी झाले होते, आणि ते मला चिडण्यापेक्षा वाईट वाटायचं.

तो मात्र माझी वाट बघायचा. गॅलरीत पुढे चालायचा आणि छत खाली आलं की मागे न बघता म्हणायचा, "डोकं." थोड्या वेळानं पुन्हा, "डोकं."

"मला आहे ते," एकदा मी म्हटलं.

"माहितीये. म्हणून तर जपायला सांगतोय."

काम आटोपलं की आम्ही वरच्या कठड्याशी चहा घ्यायचो. तोही माझ्यासारखाच थकलेला असायचा, डोळ्यांखाली काळं, बोलता बोलता जांभई. दोन दमलेली माणसं पाण्याकडे बघत उभी. बघणाऱ्याला वाटलं असतं, भांडण झालंय. पण माझ्या आठवड्यातला तेवढाच वेळ मला माझा वाटायचा.

"तुमच्या लग्नापुढे काय शेरा आहे?" त्यानं एकदा पाण्याकडे बघतच विचारलं.

"सवडीने."

"आणि सवड कधी?"

"तुमची धरणं धड वागली की."

तो कपातल्या चहाशी बोलल्यासारखं म्हणाला, "पावसाळा संपला की... मला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा."

"आत्ता दारं माझ्या डोक्यावर आहेत. विचारलं तर नीट ऐकता यायचं नाही मला."

घरी आईला सुगावा लागलाच. फोनवर माझा आवाज बदलतो म्हणे.

"कोण आहे?" तिनं दुसऱ्या खोलीतून विचारलं.

"दारवाले."

"दारूवाले?" आई हातातली कणीक तशीच घेऊन आली.

"दारवाले, आई. धरणाची दारं बघतात."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि जाता जाता, "पितात का पण?"

पावसाळ्याआधीच्या तपासणीला मी गेले तेव्हा तिसरं दार उचलून बघितलं. मोटर कण्हली. दार हातभर वर आलं आणि थरथरलं. बिजागरी गंजून घट्ट बसली होती. मागे पाण्याचा पूर्ण दाब असताना ते असं उचललं तर दार पेलणारे लोखंडी हात वाकणार आणि मग पाणी कुणाचं ऐकणार नाही. खाली नदीकाठी गावं होती, शाळा होती. या दोषापुढे एकच शेरा बसत होता. पण तात्काळ म्हणजे यंदा तलाव अर्धा ठेवायचा, शहराला पाणी कमी द्यायचं. आणि मग वरचे लोक विचारणार, दारं कोणाकडे होती?

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं नजर दाराकडेच ठेवली.

"काही सांगायचंय?" मी विचारलं. म्हणजे मला ऐकायचं होतं. काहीतरी... काहीही.

"मी काही बोलणार नाही. तुम्हाला दिसतंय ते लिहा."

त्या दिवशी चहा झाला नाही. परत येताना गाडीत मी ठरवून रडले नाही, कारण ड्रायव्हर आरशात बघतो. अहवालात तात्काळ लिहिलं, सही केली, पाठवून दिला. यंदा लिहिलं असतं तर तो राहिला असता तिथेच. पण मग त्याच कठड्याशी उभं राहून मला त्याच्या तोंडाकडे बघता आलं नसतं. आणि खालच्या गावांकडे तर नाहीच.

तलाव अर्धा ठेवण्याचा हुकूम निघाला. त्याच्या बदलीचाही निघाला, हे मला ऑफिसातच कळलं. दूरच्या भांडारात, नटबोल्ट मोजायला. मी दोनदा फोन केला. त्यानं उचलला नाही. तिसऱ्यांदा करायची हिंमत नव्हती. मी कामाला जात होते, येत होते, जेवत होते. आई काही विचारत नव्हती, यावरूनच माझा चेहरा कसा असेल ते मला कळत होतं.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. तोच होता. दाढी केलेली, डोळ्यांखालचं काळं गेलेलं.

"बस चुकली, म्हणून उशीर झाला," तो म्हणाला, जसं काही मी सकाळपासून वाट बघत होते. बघत होते, महिनाभर.

आईनं त्याला खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्यांचा आवाज येईना.

"रागावलात," मी म्हटलं.

"रागावलो? झोपलो होतो." तो हसला. "दोन वर्षं त्या बिजागरीसाठी पत्रं लिहितोय मी. कुणी उत्तर देत नाही. पाऊस लागला की कुणी ते दार उचलू नये म्हणून मी रात्ररात्र तिथे जाऊन बसायचो. तुम्ही तात्काळ लिहिलंत आणि... आता तलाव अर्धा, त्या दाराच्या मोटरला हात लावायची कुणाची टाप नाही. नव्या गावी गेलो आणि झोपलोच. ऑफिसातून येतो, झोपतो. फोनचा आवाज बंद करून."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं? मला काय काय वाटलं!"

"मी सांगितलं असतं तर तो शेरा माझा झाला असता. दारवाल्यानं आपल्या माणसाकडून लिहून घेतला, म्हणाले असते. मोडीत निघाला असता."

आपल्या माणसाकडून, असं तो सहज म्हणून गेला. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"पावसाळा संपला की विचारणार होतो," तो हळूच म्हणाला. "पण आता माझ्याकडे दारंच नाहीत. मग पावसाळा कशाला संपायला हवा? लग्न करशील माझ्याशी?"

त्याचं 'करशील' कानात शिरलं आणि मला आधी सगळं खरं सांगून टाकावंसं वाटलं. "मी फार दमते," मी खिडकीकडे तोंड करूनच म्हटलं. "घरी आले की तासभर कुणाशी बोलत नाही. महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. तू तिकडे, मी इकडे, रविवारच्या रविवारी भेटायचं, त्यात एखादी बस चुकायची. आणि... मला तू आवडतोस. त्या बोगद्यातल्या साबणापासून आवडतोस. हे तुला कधी सांगितलं नाही, म्हणून आता सांगतेय."

 वळून बघितलं तर त्याची मान एका बाजूला कलंडलेली, तोंड किंचित उघडं, श्वास संथ.

आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "झोपला?" ती कुजबुजली. "विचारून झोपला?"

"हो."

"मग तुझं काय उत्तर?"

"तेच, आई. हो."

"ऐकलं," तो डोळे न उघडताच म्हणाला, आणि पुन्हा झोपला.