खालच्या थरातली आई

नीलाने नकाशाच्या टेबलावर, उजळलेल्या पडद्यावर बोट ठेवलं. आईची समाधी तिथे नव्हतीच! नुसता हिरवा माळ.

कोळेगी गाव धरणाखाली जाणार होतं. नकाशावर जे सिलेक्ट (निवड) झालेलं असेल तेवढंच रोबो उचलून नव्या गावी नेणार होते. दुपारी बाराला निघणार. घरं निवडली होती, देऊळ निवडलं होतं, पाण्याची टाकीसुद्धा. सहा वर्षांपूर्वी गेलेली आई तेवढी नाही.

"नकाशात नाही म्हणजे नाही," धरणाचे अधिकारी चहा ओतत म्हणाले. "यंत्राला भावना कळत नाहीत, बाळ."

"यंत्राचं राहू द्या. तुम्हाला कळतात का?" दारातून आवाज आला. आईचे वडील, शिवलिंगप्पा आजोबा. अशी टेबलं बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते आत्ताच शहरातून पोचले होते.

"नीला, नकाशा गावानंच काढला ना? सगळ्यांत आधी काय काढलं?"

"समाध्या. पहिला मान गेलेल्यांचा, असं सरपंचकाका म्हणाले. माळ त्यांनी शेवटी रंगवला."

आजोबा टेबलावर वाकले. "मान दिला आणि तळाला घातलं! टोपलीत भाकऱ्या टाकतो तेव्हा पहिली कुठं जाते?"

"तळाशी."

"इथंही तसंच. प्रत्येक नवा आकार आधीच्याच्या वर बसतो. याला लेयर (एकावर एक थर) म्हणतात. तू बोट लावतेस, ते लागतं सगळ्यांत वरच्याला. आई आहे गं. माळाखाली आहे."

"मग माळ पुसते!"

"थांब! गावाचं गायरान आहे ते, त्याची नोंद जाईल. त्याला लॉक (कुलूप) कर. मग तो दिसेल, पण बोटाला लागणार नाही. बोट आरपार खालच्या थरात जाईल."

नीलाने माळाला कुलूप लावलं. पुन्हा बोट टेकवलं. एका इवल्या गोलाभोवती पिवळी रेघ उजळली. बाजूला नाव आलं : मल्लव्वा.

तिला रडू फुटलं. आजोबांनाही. पण घड्याळ रडत नव्हतं.

"बाकीच्यांना एकेक करून कधी धरशील? कोपऱ्यापासून बोट ओढ, चौकट कर."

तिने चौकट ओढली. चाळीस गोल उजळले.

"आजोबा, एक्केचाळीस हवेत. येल्लाप्पाकाका राहिले!"

"जिवंतपणीही तो कधी रांगेत उभा राहिला नाही," आजोबा डोळे पुसत म्हणाले. "चौकटीच्या बाहेर अर्धा लटकतोय बघ. पूर्ण आत आला तरच धरला जातो. मोठी ओढ."

एक्केचाळीस.

"निवड मिळाली," रोबो म्हणाला. "चार मिनिटं शिल्लक."

अधिकाऱ्यांनी होकारार्थी मान डोलावली. त्यांना विचारलं कुणी होतं?

"अजून सात गावं बुडणार आहेत ना?" नीला त्यांच्यासमोर उभी राहिली. "तिथं घरं मोजायच्या आधी लोकांना थर उघडायला शिकवा. तुम्हाला जमत नसेल तर मी येते."

अधिकाऱ्यांनी कप बाजूला ठेवला. म्हणाले, "सोमवारी गाडी पाठवतो."

संध्याकाळी नव्या गावात रोबोने 'मल्लव्वा' लिहिलेली एक लाकडी पेटी खाली ठेवली. बाबा पुढे झाले, पण नीलाने ती आधीच उचलली होती. दोघं लागतील असं वाटलं होतं. पेटी तिला एकटीला पेलली.

"जड आहे का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि तिला पुढे चालवेना.